जुन्या टीव्हीत जास्त चॅनल 'मावत' नाहीत? आधी डब्याकडे बघा

"काकू, तुमचा टीव्हीच जुना आहे. त्यात एवढे चॅनल मावायचे नाहीत." वाईला आत्याकडे केबलचे पैसे न्यायला आलेला मुलगा असं सांगून गेला आणि आत्याला ते पटलंही. तिचा टीव्ही एकवीस इंची, मागे भलंमोठं पोट असलेला, वर क्रोशाचा रुमाल. मला फोन करून म्हणाली, "नवा घ्यावा का रे? चित्र तर छान दिसतं याच्यावर." मी रविवारी गेलो. दुपारचं जेवण धरून तीन तास लागले, एक स्प्लिटर (एका केबलचा सिग्नल अनेक टीव्हींना वाटणारी डबी) काढला, पॅक बदलून घेतला आणि सत्तरच्या आसपास दिसणारे चॅनल दोनशेच्या वर गेले. टीव्ही तोच आहे, रुमालही.

मी केलेली कामं इथे क्रमाने देतो आहे. क्रम शक्यतो मोडू नका, कारण लोक नेमकी शेवटची पायरी आधी करतात, म्हणजे महागडा पॅक घेतात, आणि मग वायरीतल्या दोषामुळे त्यातलेही निम्मे चॅनल दिसत नाहीत.

'मावायचं' हे कधीकाळी खरं होतं

तो मुलगा अगदीच खोटं बोलत नव्हता, वीसेक वर्षं उशिरा बोलत होता. जुन्या ॲनालॉग केबलमध्ये प्रत्येक चॅनल स्वतंत्र फ्रिक्वेन्सीवर यायचं आणि ते पकडायचं काम टीव्हीच्या ट्यूनरचं असायचं. लाकडी शटरच्या टीव्हीला आठ किंवा बारा बटणं असत. झाकण उघडून प्रत्येक बटणाचं छोटं चाक फिरवत चॅनल लावावं लागे. ते ट्यूनर दूरदर्शनसाठी बनलेले होते: व्हीएचएफ या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यातले २ ते १२ आणि फार तर त्याहून वरच्या यूएचएफ पट्ट्यातले २१ च्या पुढचे. केबलवाले मात्र या दोन्हींच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यांतही चॅनल भरायचे. त्या पट्ट्या जुन्या सेटला दिसतच नसत. म्हणून तर नंतरच्या टीव्हींच्या खोक्यावर 'हायपरबँड' आणि '१०० चॅनल' असं ठळक छापलेलं असे.

हे सगळं डिजिटल केबल आल्यावर संपलं. मुंबईत ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस ॲनालॉग केबल बंद झाली. ३१ मार्च २०१३ च्या मुदतीत पुणे, नागपूर, नाशिक यांसारखी शहरं आली आणि मार्च २०१७ पर्यंत गावंही. आता चॅनल शोधतो, उलगडतो आणि बदलतो तो सेट-टॉप बॉक्स, म्हणजे आपला डबा. टीव्हीचं काम डब्याने दिलेलं एक चित्र दाखवायचं, एवढंच. डब्यात तीनशे चॅनल येत असतील तर १९९५ च्या टीव्हीवरही तीनशे दिसतील.

म्हणून टीव्हीच्या रिमोटवरचं 'ऑटो ट्यूनिंग' दाबत बसू नका. त्याने चॅनल वाढत नाहीत. उलट जुळवून ठेवलेलं एखादं असेल तर तेही पुसलं जातं.

पहिली पायरी: पडदा काय सांगतोय ते वाचा

जे चॅनल दिसत नाही त्याचा नंबर डब्याच्या रिमोटवर दाबा आणि पडद्यावर काय येतं ते कागदावर लिहा. असे दहा-बारा चॅनल तपासा. कंटाळवाणं आहे, पण पुढचा सगळा खर्च यावर ठरतो.

पडद्यावर 'सबस्क्राइब केलेलं नाही' अशा अर्थाचा मजकूर आला, तर वायर ठीक आहे, टीव्ही ठीक आहे, फक्त ते चॅनल तुमच्या पॅकमध्ये नाही. 'नो सिग्नल' आलं किंवा चित्र चौकोन चौकोन होऊन अडकलं, तर दोष वायरीत. नंबर दाबल्यावर भलतंच चॅनल लागलं किंवा 'असं चॅनल नाही' आलं, तर डब्याची यादी जुनी झाली आहे, तिला पुन्हा स्कॅन लागेल. आणि डब्याचा मेन्यूसुद्धा दिसत नसेल, नुसता निळा पडदा किंवा मुंग्या असतील, तर डबा आणि टीव्ही यांच्यातली जोडणीच चुकली आहे.

आत्याकडे पहिले दोन्ही प्रकार होते. म्हणून कोणा एकाला दोष देऊन भागत नव्हतं.

दुसरी पायरी: टीव्हीची पाठ

आधी दोन्हींचे प्लग भिंतीतून काढा. नुसतं रिमोटने बंद करून चालत नाही. आणि टीव्हीचं मागचं झाकण कुठल्याही कारणाने उघडू नका. पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. आपलं सगळं काम झाकणाच्या बाहेरच आहे.

आता पाठीवर कोणती भोकं आहेत ते बघा. तीनपैकी एक प्रकार असेल.

*तीन रंगांची (किंवा दोन) गोल सॉकेट.* साधारण नव्वदीच्या मध्यापासूनच्या बहुतेक रंगीत टीव्हींना ही असतात. पिवळं चित्राचं, पांढरं आणि लाल आवाजाचं. डब्याच्या 'एव्ही आउट'मधून टीव्हीच्या 'एव्ही इन'मध्ये रंगाला रंग जोडा. काही टीव्हींना 'आउट'ही असतं आणि घाईत पिन त्यात जाते, मग तासभर डोकं खाजवा. टीव्हीला आवाजाचं एकच सॉकेट असेल तर पांढरी पिन लावा आणि डब्याच्या सेटिंगमध्ये आवाज 'मोनो' करा. नाहीतर काही कार्यक्रमांत संगीत येतं आणि संवाद दबतात. मग टीव्हीच्या रिमोटवरचं 'टीव्ही/एव्ही' बटण दाबा. मूळ रिमोट हरवला असेल (हरवलेलाच असतो), तर बऱ्याच सेटांवर १ नंबरवरून चॅनल मागे नेलं की एव्ही लागतं. ते न जमल्यास बाजारात युनिव्हर्सल रिमोट मिळतोच.

*एव्ही नाही, फक्त अँटेनाचं गोल सॉकेट.* इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. डब्याच्या मागे 'आरएफ इन' आणि 'आरएफ आउट' अशी दोन तोंडं दिसतात, म्हणून ते आउटमधून वायर काढून टीव्हीला लावतात आणि मुंग्या बघत बसतात. बहुतेक केबलच्या डब्यांत ते 'आउट' म्हणजे नुसती आरपार गेलेली वाट असते, आत आलेला सिग्नल जसाच्या तसा पुढे पाठवणारी. तो डिजिटल सिग्नल जुन्या टीव्हीला वाचता येत नाही. तुम्हाला हवा आरएफ मॉड्युलेटर. ही छोटी डबी एका बाजूने पिवळी-पांढरी पिन घेते आणि दुसऱ्या बाजूने जुन्या टीव्हीला कळेल असं 'एक चॅनल' बाहेर काढते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विचारा. लहान गावात टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे एखादी धूळ खात पडलेली असते.

मॉड्युलेटर व्हीएचएफवर ३ किंवा ४ नंबर देतो किंवा यूएचएफवर २१ ते ६९ मधला एखादा. त्याच्यावर जो नंबर लावला असेल तो टीव्हीवर एकदाच ट्यून करून ठेवायचा. त्यानंतर टीव्हीला हात लावायचा नाही, चॅनल डब्याच्या रिमोटने बदलायचं. एक खुबी: चित्र स्वच्छ आलं पण आवाजाऐवजी नुसती खरखर आली, तर मॉड्युलेटरची पद्धत चुकीची आहे. आपल्याकडचे टीव्ही पाल बी/जी या प्रसारणपद्धतीचे, त्यांत चित्र आणि आवाज यांच्यात ५.५ मेगाहर्ट्झचं अंतर असतं. मॉड्युलेटरवर बी/जी निवडा, आवाज येईल.

*फक्त दोन स्क्रू.* जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सेटला अँटेनाची चपटी वायर लावायचे दोन स्क्रू असतात. ती वाट ३०० ओहमची, केबलची गोल वायर ७५ ओहमची. गोल वायर सोलून तशीच अडकवली तर चित्राला भुतासारखी सावली पडते. मधे ३०० ते ७५ ओहमचा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावा. तो बोटाएवढा असतो आणि दुकानात 'बलून' म्हटलं तरी चालतं. मग मॉड्युलेटर त्याला जोडा. असा टीव्ही चालू असेल तर केवळ हौस म्हणूनही हे करून बघण्यासारखं आहे.

हल्लीच्या काही एचडी डब्यांना पिवळं-पांढरं-लाल नसतंच. आधी नीट बघा, कधी कधी हेडफोनसारखं एक बारीक भोक असतं आणि त्यातून तिन्ही रंगांची वायर निघते. तेही नसेल तर 'एचडीएमआय टू एव्ही' कन्व्हर्टर घ्या. दुकानात हा शब्दक्रम दोनदा सांगा, कारण 'एव्ही टू एचडीएमआय' ही दिसायला तशीच डबी नेमकं उलटं काम करते आणि तीच हातात पडते. चारपाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. त्याला मोबाइलच्या चार्जरने वीज द्यावी लागते. अंगावर पाल आणि एनटीएससी (अमेरिकेकडची पद्धत) असा छोटा खटका असतो, तो पालकडे ठेवा. चित्र काळंपांढरं आलं किंवा वरखाली पळू लागलं, तर आधी या खटक्याकडे बघा.

चित्राचा आकार

हे दोन मिनिटांचं काम, पण करायला हवं. जुना पडदा ४:३ आकाराचा, आताचे कार्यक्रम १६:९. डब्याच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार ४:३ निवडा आणि त्याखाली 'लेटरबॉक्स' घ्या. वर-खाली काळ्या पट्ट्या येतील पण चित्र पूर्ण दिसेल. 'पॅन स्कॅन' घेतलं तर पडदा भरतो, पण कडा कापल्या जातात आणि क्रिकेटच्या स्कोअरपट्टीतल्या नेमक्या धावा गायब होतात. आत्याला काळ्या पट्ट्या आवडल्या नाहीत. "पैसे पुऱ्या टीव्हीचे दिलेत," म्हणाली. तिच्याकडे पॅन स्कॅनच ठेवलं आहे.

तिसरी पायरी: वायर आणि स्प्लिटर

डिजिटल केबलमध्ये दहा-वीस चॅनलचा गठ्ठा एका फ्रिक्वेन्सीवर येतो. त्यामुळे सिग्नल कमी पडला की चॅनल एकेक जात नाही, अख्खा गठ्ठा जातो. ॲनालॉगच्या काळात कमजोर सिग्नलवर मुंग्यांतून का होईना, बातम्या कळायच्या. आता एका मर्यादेपर्यंत चित्र लख्ख आणि त्याखाली काहीच नाही. तुमच्या कागदावरचे 'नो सिग्नल' चॅनल एकमेकांशी संबंध नसलेले असले तरी, म्हणजे दोन बातम्यांचे, एक कन्नड, तीन भक्तीचे, ते बहुधा एकाच गठ्ठ्यातले असतात.

आत्याच्या घरी पूर्वी तीन खोल्यांत टीव्ही होते. आता एकच आहे, पण माळ्यावर चार तोंडांचा स्प्लिटर तसाच लटकत होता. चार तोंडांच्या स्प्लिटरमधून एकेका तोंडाला सिग्नलचा साधारण पाचवा हिस्सा मिळतो. दोन तोंडांच्यात निम्म्याहूनही थोडा कमी. म्हणजे कोणी बघत नसलेल्या खोल्यांना सिग्नल वाटला जात होता. तो काढून मी वायर सरळ जोडली आणि गेलेले दोन गठ्ठे परत आले. खर्च झाला एका जॉइंटरचा.

स्प्लिटर हवाच असेल तर जेवढे टीव्ही तेवढ्याच तोंडांचा ठेवा. एखादं तोंड रिकामं राहिलंच तर त्याला ७५ ओहमची टोपी लावा. मग वायरीची टोकं बघा. मधली तार हिरवी-काळी पडली असेल तर दोन इंच कापून नवी पिन बसवा. बाहेरची जाळी मधल्या तारेला कुठे शिवत नाही ना, हे उजेडात धरून बघा, कारण एक केसाएवढी तार पुरते. वायर खूप जुनी आणि बारीक असेल तर आरजी-६ जातीची नवी टाका. कोकणात आणि घाटमाथ्यावर गच्चीवरचे उघडे जॉइंट एका पावसाळ्यात सडतात. त्यांना रबरी टेप गुंडाळा आणि वायर पिनेत शिरण्याआधी खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल.

बदल केल्यावर दर वेळी डब्याच्या मेन्यूत सिग्नलचं पान उघडून 'स्ट्रेंग्थ' आणि 'क्वालिटी' हे दोन आकडे टिपा. क्वालिटीचा आकडा जास्त महत्त्वाचा. घरातलं सगळं नीट करूनही तो खालीच राहिला, तर दोष रस्त्यावरच्या लाइनमध्ये किंवा ॲम्प्लिफायरमध्ये आहे आणि ते काम केबलवाल्याचं. टिपलेले आकडे त्याला सांगा. 'चॅनल दिसत नाही' या तक्रारीवर येणारा माणूस आणि 'या चॅनलवर क्वालिटी इतकीच येते' या तक्रारीवर येणारा माणूस, यांत फरक असतो.

चौथी पायरी: स्कॅन

आता डब्यावर, टीव्हीवर नव्हे, 'ऑटो सर्च' किंवा 'नेटवर्क सर्च' चालवा. पासवर्ड विचारला तर केबलवाल्याला विचारा. 'फॅक्टरी रीसेट' मात्र टाळा, काही डब्यांत त्याने मूळ फ्रिक्वेन्सीच पुसली जाते आणि मग ती कंपनीकडून मागवावी लागते. डबा आठ-दहा वर्षांचा असेल आणि केबल कंपनीने आपली यंत्रणा बदलली असेल, तर काही चॅनल त्यावर कधीच उलगडणार नाहीत. तेव्हा डबा बदलून मागा. त्यासाठीही टीव्ही बदलावा लागत नाही.

पाचवी पायरी: पॅक, म्हणजे पैशाची गोष्ट

इथे थोडा वेळ काढा. दूरसंचार नियामक ट्रायचे नियम २०१९ च्या फेब्रुवारीपासून लागू झाले आणि बिलाचे दोन भाग झाले: एक नेटवर्कचं भाडं आणि दुसरे तुम्ही निवडलेल्या पे चॅनलचे पैसे. सुरुवातीला नेटवर्कचं भाडं १३० रुपयांपर्यंत आणि त्यात १०० चॅनल, १८ टक्के कर धरून १५३ रुपये ४० पैसे. मार्च २०२० पासून तेवढ्याच भाड्यात २०० चॅनल द्यायचं ठरलं. जुलै २०२४ मध्ये ट्रायने या भाड्यावरची मर्यादा उठवली, त्यामुळे आता आकडे कंपनीगणिक वेगळे. तरी तत्त्व तेच: नेटवर्कचं भाडं भरता त्यात फ्री टू एअर, म्हणजे वेगळे पैसे न लागणारे चॅनल भरपूर बसतात.

आत्याचा पॅक सुरुवातीच्या काळातला होता, तो कोणी हलवलाच नव्हता. त्यामुळे फुकटात मिळू शकणारे शंभरेक चॅनल बंद होते. केबलवाल्याला फोन करून म्हटलं, "सगळे फ्री टू एअर चालू करा आणि पे चॅनलची यादी पाठवा." पहिली गोष्ट अर्ध्या तासात झाली आणि तिला एक रुपया जादा लागला नाही.

पे चॅनल एकेक सुटे घेता येतात. प्रत्येकाची कमाल किंमत जाहीर असते. एखाद्या मोठ्या पॅकमधले चारच चॅनल तुम्ही बघत असाल, तर त्या चौघांच्या सुट्या किमतींची बेरीज करून बघा. कधी पॅक स्वस्त पडतो, कधी सुटे. 'सुटे देता येत नाहीत' असं सांगितलं तर ते खरं नाही, निवडीचा हक्क ग्राहकाचा आहे. गल्लीतला केबलवाला ऐकत नसेल तर बिलावर असलेल्या मुख्य कंपनीच्या तक्रार नंबरावर बोला आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

आणि जुन्या टीव्हीवर एचडी चॅनल घेऊ नका. तो पडदा पाल पद्धतीच्या ५७६ ओळींपलीकडे काही दाखवू शकत नाही. एचडी चॅनलचं चित्र त्या ओळींत दाबूनच बसवावं लागतं, किंमत बहुधा जास्त आणि २०१९ च्या नियमांत नेटवर्कच्या मोजणीत एक एचडी दोन साध्या चॅनलची जागा खायचं. आत्याच्या पॅकमध्ये सहा एचडी चॅनल होते. ते काढले आणि त्या पैशांत तिचे मराठी मालिकांचे चॅनल बसले.

महिन्याचं बिलच नको असेल तर

डीडी फ्री डिश. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ पासून चालू आहे, तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. छत्री आणि डबा मिळून दीड-दोन हजारांचा एकदाच खर्च, पुढे काही नाही. सह्याद्री मिळतं, बाकीच्या खासगी चॅनलच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे यादी बदलत राहते. घेताना एमपेग-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) उलगडणारा डबा घ्या, जुन्या एमपेग-२ डब्यावर काही चॅनल लागत नाहीत. आणि डब्याला एव्ही सॉकेट आहे याची खात्री करा.

उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. मुंबई-पुण्याहून तो आग्नेयेला दिसतो: होकायंत्रावर साधारण १३१-१३२ अंश, क्षितिजापासून वर ५८-५९. नागपूरहून जरा दक्षिणेकडे सरकतो, साधारण १४५ अंश. ही छत्री तिरकी बघते, म्हणजे तिचं तोंड जिथे दिसतं त्यापेक्षा तिची नजर पंचवीसेक अंश वर असते. म्हणून ती एवढी आभाळाकडे वळवायची नाही. आग्नेयेला आंब्याचं झाड किंवा शेजारची नवी इमारत नाही ना, ते आधी बघा. एलएनबीचं (छत्रीसमोर दांड्यावर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीचं) डब्यातलं सेटिंग ९७५०-१०६००, मग एकाने गच्चीवर छत्री केसभर हलवायची आणि दुसऱ्याने खालून क्वालिटीचा आकडा ओरडून सांगायचा. वाराभर हलवू नका, एका अंशाने सिग्नल जातो.

केबल आणि फ्री डिश दोन्ही हवं असेल तर टीव्हीच्या पुढचं आणि मागचं एव्ही एकाच वेळी वापरायच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच जुन्या सेटांत ती दोन्ही आतून एकच असतात आणि चित्रावर चित्र चढतं. तीन बटणांची एव्ही सिलेक्टर डबी मिळते, दोन्ही डबे तिला जोडा आणि तिची एक वायर टीव्हीला. आत्याकडे ती बसवल्यावर एका बटणावर पांढरी आणि एकावर लाल टिकली चिकटवली. वळीव गडगडायला लागला की भिंतीतले प्लग आणि केबलची वायर दोन्ही काढायची, हे मी तिला कागदावर लिहून देणार होतो. ती म्हणाली, "ते तुझ्या जन्माच्या आधीपासून करते मी."